दहा मीटर एअर पिस्तूल: साधी आवृत्ती घ्यावी की वरची?

रेंजवरचे सामायिक पिस्तूल सोडून स्वतःचे घेण्याची वेळ येते, तेव्हा घरातल्या चर्चेत बहुधा एकच प्रश्न उरतो. एकाच कंपनीच्या दोन आवृत्त्या समोर असतात. एक साधी असते आणि दुसरी इलेक्ट्रॉनिक ट्रिगर, धक्का शोषणारी यंत्रणा व अक्रोडाची कोरीव ग्रिप असलेली असते. दोहोंच्या किमतींतला फरक पन्नास हजारांच्या पुढे सहज जातो. सोयाबीनच्या पट्टीवर वर्षाचा हिशोब बसवणाऱ्या लातूर-परभणीकडच्या कुटुंबासाठी ही रक्कम लहान नाही. म्हणून हा निर्णय जाहिरातीतल्या शब्दांवर सोडू नये. पिस्तुलाचा कोणता भाग गुण वाढवतो आणि कोणता केवळ किंमत वाढवतो, हे आधी समजून घ्यावे.

हे लेखन केवळ स्पर्धेच्या ४.५ मिलिमीटर एअर पिस्तुलाविषयी आहे. २०१६ च्या शस्त्र नियमांनुसार ज्या हवाई शस्त्राची नळी ४.५ मिलिमीटरपेक्षा मोठी नाही आणि ज्याची ऊर्जा २० ज्यूलपेक्षा अधिक नाही, त्याला परवान्याची गरज पडत नाही. स्पर्धेच्या एअर पिस्तुलाची ऊर्जा या मर्यादेच्या पुष्कळ खाली असते. तरीही विक्रेता ओळखपत्र मागतो, आणि ते द्यावे. अल्पवयीन खेळाडूसाठी खरेदी पालकांनीच करावी व पावती पालकांच्याच नावाने घ्यावी.

पिस्तूल हवेच्या सिलिंडरवर चालणारे, म्हणजे पीसीपी प्रकारचेच घ्यावे. स्प्रिंगवर चालणारी स्वस्त पिस्तुले हात हलवतात आणि नेम शिकण्याऐवजी धक्का झेलण्याची सवय लावतात. कार्बन डायऑक्साइडवर चालणारी जुनी पिस्तुले कोणी स्वस्तात देऊ करत असेल, तर आपल्या भागासाठी तो व्यवहार मुळीच करू नये. हा वायू ३१ अंश सेल्सिअसच्या वर द्रवरूपात राहूच शकत नाही, आणि मराठवाड्यात मार्च ते जून या काळात दुपारची रेंज त्याहून थंड क्वचितच असते. तापमानाबरोबर दाब बदलतो, दाबाबरोबर पॅलेटचा (शिशाच्या छऱ्याचा) वेग बदलतो, आणि सकाळी जुळवलेली साइट, म्हणजे नळीवरची नेम धरण्याची खूण, दुपारी चुकते. पीसीपी पिस्तुलात साधारण २०० बार दाबाची हवा सिलिंडरमध्ये असते आणि रेग्युलेटर प्रत्येक फैरीला जवळजवळ सारखीच हवा देतो. साध्या आणि वरच्या आवृत्तीत या बाबतीत फारसा भेद नसतो.

नळी कोणाचीही वाईट नसते

पालकांचा सर्वांत मोठा गैरसमज नळीविषयी असतो. महागडे पिस्तूल अधिक अचूक मारत असणार, असे त्यांना वाटते. हे तपासायला दहा मीटरचे टार्गेट मोजून पाहावे. त्याच्या दहाच्या वर्तुळाचा व्यास ११.५ मिलिमीटर आहे आणि नऊच्या वर्तुळाचा २७.५ मिलिमीटर. पॅलेटची कड दहाच्या रेषेला नुसती लागली तरी दहा गुण मिळतात. त्यामुळे पॅलेटचा मध्य १६ मिलिमीटर व्यासाच्या जागेत कोठेही पडला तरी चालते. नामांकित कंपनीचे अगदी साधे पिस्तूलही पक्क्या आधारावर बांधून, त्याला मानवणाऱ्या पॅलेटने चालवले, तर लागोपाठच्या फैरी याहून बऱ्याच लहान जागेत, बहुधा एकमेकांना चिकटून, पडतात. अर्थात साध्या आवृत्तीच्या नळीत दहा गुण असतातच, आणि आठ किंवा सात पडतात ते नळीमुळे पडत नाहीत.

ते कशामुळे पडतात, हेही मोजता येते. पुढच्या आणि मागच्या साइटमधले अंतर ३३ सेंटिमीटर धरले आणि मागच्या खाचेत पुढची साइट केवळ अर्धा मिलिमीटर बाजूला सरकली, तर दहा मीटरवर फैर सुमारे १५ मिलिमीटर बाजूला जाते. म्हणजे नेम मधोमध असूनही दहाचा नऊ होतो. एक मिलिमीटर सरकली तर फरक ३० मिलिमीटरचा पडतो आणि गुण सातवर येतो. ट्रिगर ओढताना मनगट किंचित वळले किंवा ग्रिप हातात दर वेळी वेगळी बसली, की हा अर्धा मिलिमीटर सहज निसटतो. म्हणून आवृत्त्यांची तुलना करताना दोनच गोष्टींवर वेळ आणि पैसा खर्च करावा. त्या म्हणजे ग्रिप आणि ट्रिगर.

ग्रिप आधी, बाकी सगळे नंतर

साध्या आवृत्तीत ग्रिप पुष्कळदा सर्वसाधारण मापाची असते आणि काही कंपन्या ती कृत्रिम द्रव्याची देतात. वरच्या आवृत्तीत ती अक्रोडाच्या लाकडाची असते, तळहाताखालचा टेकू वर-खाली सरकतो, आणि काही मॉडेलांत संपूर्ण ग्रिपचा कोन बदलता येतो. कागदावर किरकोळ वाटणारा हा फरक रेंजवर मोठा ठरतो. नियमानुसार पिस्तूल एकाच हाताने धरायचे असते आणि मनगटाला कोणताही आधार चालत नाही. त्यामुळे हात आणि पिस्तूल यांना जोडणारी एकमेव जागा ग्रिप हीच असते.

निवडीची रीत सोपी आहे. विक्रेत्याला उंची किंवा वय सांगून भागत नाही. कागदावर हात ठेवून पेन्सिलीने त्याची रेघ काढावी आणि तळहाताची रुंदी व मधल्या बोटाच्या टोकापर्यंतची लांबी मिलिमीटरमध्ये लिहून पाठवावी. माप लहान, मध्यम की मोठे, आणि हात उजवा की डावा, हे लेखी नोंदवून घ्यावे. डावखुऱ्या मुलाला उजव्या हाताची ग्रिप घासून देण्याचा उद्योग कोणी सुचवला, तर नम्रपणे नाही म्हणावे. शक्य असेल तर पुणे किंवा मुंबईच्या खेपेत पिस्तूल प्रत्यक्ष हातात घेऊन पाहावे. बालेवाडी आणि वरळी येथे राज्यातल्या मोठ्या रेंज आहेत आणि स्पर्धांच्या काळात तेथे निरनिराळ्या मॉडेलांचे खेळाडू भेटतात. परवानगी घेऊन त्यांचे रिकामे पिस्तूल दोन मिनिटे धरून पाहणे हे कोणत्याही माहितीपत्रकापेक्षा उपयोगी असते.

हातात घेतल्यावर करायची परीक्षा अशी आहे. पिस्तूल रिकामे असल्याची खात्री करून, तोंड सुरक्षित दिशेला ठेवून, डोळे मिटावेत, हात नेहमीसारखा वर न्यावा आणि मग डोळे उघडावेत. पुढची साइट मागच्या खाचेत आपोआप मध्यभागी दिसली, तर ग्रिप त्या हाताची आहे. ती दर वेळी डावीकडे किंवा खाली दिसत असेल, तर मुलाला ती मनगटाच्या जोराने मध्यभागी आणावी लागणार, आणि साठ फैरींच्या स्पर्धेत चाळिसाव्या फैरीनंतर हा जोर टिकत नाही. साध्या आवृत्तीची ग्रिप या परीक्षेत उतरली, तर वरच्या आवृत्तीचे निम्मे आकर्षण तेथेच संपते. न उतरल्यास दुसरा मार्गही आहे. बहुतेक नामांकित पिस्तुलांना वेगळी ग्रिप विकत मिळते, आणि साधे पिस्तूल अधिक योग्य मापाची ग्रिप यांची बेरीज वरच्या आवृत्तीपेक्षा बहुधा कमीच भरते. वाढत्या वयाच्या मुलांसाठी मला हाच मार्ग अधिक शहाणपणाचा वाटतो, कारण तेरा वर्षांच्या मुलाचा हात सोळाव्या वर्षी तसाच राहत नाही.

वजनाचा विचारही येथेच करावा. नियमानुसार पिस्तुलाचे वजन १५०० ग्रॅमपर्यंत चालते, परंतु प्रत्यक्षात बहुतेक पिस्तुले एक किलोच्या आसपास असतात आणि कॉम्पॅक्ट आवृत्त्या त्याहून हलक्या असतात. लहान मुलांना पुढे जड असलेले लांब पिस्तूल देऊ नये. हात थरथरतो, मूल खांदा उचलून भरपाई करते, आणि ती सवय मोडायला पुढे फार दिवस लागतात. कॉम्पॅक्ट पिस्तूल घेऊन नंतर पुढे छोटी वजने लावता येतात. जड पिस्तूल हलके करणे मात्र जमत नाही.

ट्रिगर: यांत्रिक की इलेक्ट्रॉनिक

दहा मीटर एअर पिस्तुलाच्या ट्रिगरचा भार किमान ५०० ग्रॅम असावा लागतो. स्पर्धेआधीच्या तपासणीत नळी उभी धरून ट्रिगरला ५०० ग्रॅमचे वजन टांगतात आणि ते उचलले गेले तरच पिस्तूल मान्य होते. हा नियम साध्या आणि महाग पिस्तुलाला सारखाच लागू असल्यामुळे, इलेक्ट्रॉनिक ट्रिगर हलका असतो ही समजूत स्पर्धेपुरती निरर्थक आहे. इलेक्ट्रॉनिक ट्रिगरचा खरा गुण वेगळा आहे. त्यात बोटाने केवळ एक सूक्ष्म स्विच दाबला जातो आणि झडप उघडण्याचे काम विद्युतप्रवाह करतो. त्यामुळे सुटण्याचा क्षण हजारो फैरींनंतरही तसाच राहतो. यांत्रिक ट्रिगरमध्ये लहान तरफा, स्प्रिंगा आणि एकमेकांवर टेकलेल्या धारा असतात. त्या झिजतात, त्यांवर धूळ बसते, आणि मधूनमधून जुळवणी करावी लागते.

काही मॉडेलांत निवड नेमकी याच एका भेदावर येते. मोरिनीच्या सीएम १६२ मालिकेत 'ईआय' ही इलेक्ट्रॉनिक आणि 'एमआय' ही यांत्रिक आवृत्ती आहे. स्टायरच्या ईव्हो १० मध्येही साधी आणि 'ई' अशी जोडी आहे. दोन्ही जोड्यांतली यांत्रिक पिस्तुले पूर्ण स्पर्धादर्जाची आहेत, आणि त्यांना कमी लेखण्याचे कारण नाही.

मराठवाड्यात राहणाऱ्यासाठी माझा कल यांत्रिक ट्रिगरकडे आहे, आणि त्याचे कारण दुरुस्तीचे आहे. इलेक्ट्रॉनिक यंत्रणेत सर्किट किंवा झडप बिघडली, तर जिल्ह्याच्या ठिकाणी ती उघडू शकणारा माणूस सापडणे कठीण असते. पिस्तूल पुणे, मुंबई किंवा दिल्लीला पाठवावे लागते, आणि सुटा भाग परदेशातून यायचा असेल तर हंगाम निघून जातो. यांत्रिक ट्रिगर जाणकार कोच स्वतः साफ करून जुळवून देतो. बिघाडाची भीती काल्पनिक नाही. २०२१ मध्ये झालेल्या टोकियो ऑलिंपिकच्या पात्रता फेरीत मनू भाकरच्या पिस्तुलात बिघाड झाला, दुरुस्तीत मोलाची मिनिटे गेली, आणि ५७५ गुणांसह ती बाराव्या स्थानी राहिली. अंतिम फेरी दोन गुणांनी हुकली. तिच्याजवळ प्रशिक्षक आणि पर्यायी साहित्य होते. हिंगोलीहून एसटीने राज्यस्पर्धेला गेलेल्या मुलाजवळ यांतले काही नसते.

मात्र ज्या खेळाडूचे सरावातले गुण ६०० पैकी ५६० च्या आसपास स्थिरावले आहेत, जो दिवसाला शंभरावर फैरी झाडतो आणि ज्याचा कोच इलेक्ट्रॉनिक ट्रिगर हाताळतो, त्याने तो घेण्यास हरकत नाही. त्या पातळीला सुटण्याच्या क्षणाचा एकसारखेपणा जाणवतो आणि त्याचा उपयोगही होतो. त्याखालच्या पातळीला ट्रिगरपेक्षा ट्रिगरवरचे बोट अधिक बदलत असते.

धक्का शोषणारी यंत्रणा आणि इतर अलंकार

वरच्या आवृत्तीच्या माहितीपत्रकात अ‍ॅब्सॉर्बर किंवा स्टॅबिलायझर हा शब्द ठळक असतो. त्यात एक लहान वजन धक्क्याच्या उलट दिशेने सरकते आणि नळीची उसळी कमी करते. स्टायरच्या जुन्या जोडीत एलपी १० ला ही यंत्रणा होती आणि एलपी २ ला ती नव्हती. पॅलेटचे वजन अर्ध्या ग्रॅमच्या आसपास, वेग सेकंदाला सुमारे १५० मीटर आणि पिस्तूल एक किलोचे, या हिशोबाने धक्का मुळातच अल्प असतो. शोषक यंत्रणेमुळे फैरीनंतर साइट अधिक शांत दिसते आणि आपली चूक कोठे झाली ते वाचणे अनुभवी नेमबाजाला सोपे जाते. नवशिक्याची साइट फैरीच्या आधीच इतकी हलत असते की नंतरची शांतता त्याच्या उपयोगी पडत नाही. हा पैसा पहिल्या पिस्तुलावर खर्च करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. रंगीत आवरणे, टायटॅनियमचे भाग आणि सोनेरी स्क्रू यांविषयी लिहिण्यासारखे काही नाही.

२०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये साधा चष्मा लावून, एक हात खिशात ठेवून मिश्र गटाचे रौप्य जिंकणाऱ्या तुर्की नेमबाजाचे छायाचित्र आपल्याकडेही घरोघरी पोहोचले. त्यावरून, साहित्याला किंमत नसते, असा निष्कर्ष अनेकांनी काढला. त्याने खास चष्मा आणि डोळ्यावरची पट्टी टाळली होती, तरी हातातले पिस्तूल पूर्ण स्पर्धादर्जाचेच होते. हात खिशात ठेवणे ही तर प्रत्येक कोच पहिल्या दिवशी सांगतो ती गोष्ट आहे.

वाचलेला पैसा कोठे जावा

साधी आवृत्ती घेऊन उरलेली रक्कम घरखर्चात विरघळू देऊ नये, कारण खेळाचा खरा खर्च नंतर सुरू होतो. एका सरावात सुमारे ८० फैरी आणि आठवड्यात पाच दिवस असा हिशोब धरला, तर वर्षाला वीस हजारांवर पॅलेट लागतात, म्हणजे ५०० पॅलेटचे चाळीसएक डबे. आरडब्ल्यूएस, एच अँड एन, जेएसबी अशा कंपन्यांचे स्पर्धेचे पॅलेट वेगवेगळ्या सूक्ष्म मापांत, ४.४९ आणि ४.५० मिलिमीटर अशा आकड्यांनी मिळतात. कोणते आपल्या नळीला मानवते, हे टेबलावर टेकून प्रत्येकी पाच-पाच फैरींचे गट काढूनच कळते. कसून निवडलेला पॅलेट साध्या पिस्तुलाला जितके देतो, तितके शोषक यंत्रणा देत नाही. रोजच्या सरावाला स्वस्त पॅलेट आणि स्पर्धेआधी चांगला, ही विभागणीही चालते.

दुसरा खर्च हवेचा आहे. आपल्या शहरात उच्च दाबाची कोरडी हवा भरून मिळत नसेल, तर हातपंप घ्यावा लागतो. पिस्तुलाचे सिलिंडर लहान असल्यामुळे तो पुरतो, फक्त थांबून थांबून भरावे, म्हणजे पंप आणि सिलिंडर तापत नाहीत. पावसाळ्यात हवेतले बाष्प सिलिंडरमध्ये जाऊन गंज धरते, म्हणून पंपाला ओलावा शोषणारा फिल्टर असलाच पाहिजे आणि त्यातला पदार्थ वेळेवर बदलावा. साध्या आवृत्तीबरोबर पुष्कळदा एकच सिलिंडर मिळते. दुसरे अवश्य घ्यावे.

उन्हाळ्यात भरलेले सिलिंडर बंद गाडीत किंवा दुचाकीच्या डिकीत ठेवू नये. पंचवीस अंशांना २०० बार भरलेल्या सिलिंडरचा दाब साठ अंशांना २२० च्या पुढे जातो. काळ्या मातीची बारीक धूळ हा आपल्याकडचा दुसरा शत्रू आहे. झाकण घट्ट बसणारी पेटी वापरावी आणि पॅलेट भरण्याची जागा कोरड्या ब्रशने साफ करावी, मनाने तेल सोडू नये.

जुने पिस्तूल घेताना

वरची आवृत्ती जुनी मिळत असेल, तर ती नव्या साध्या आवृत्तीच्या किमतीत येऊ शकते, आणि कधीकधी हाच सर्वांत चांगला व्यवहार असतो. तेथे सिलिंडरवर कोरलेली तारीख आधी पाहावी. निर्मितीपासून दहा वर्षे उलटलेले सिलिंडर स्पर्धेत चालत नाही आणि वापरण्यासही सुरक्षित मानले जात नाही. नव्या सिलिंडरची किंमत व्यवहारातून वजा करावी. नंतर सिलिंडर भरून दाबमापकाचा आकडा लिहून ठेवावा आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच वेळेस पुन्हा पाहावा. काटा ठळकपणे उतरला असेल, तर सील गळतात. सील बदलणे स्वस्त असते, पण ते त्या मॉडेलसाठी आजही मिळतात का, हे विचारून घ्यावे. उत्पादन बंद झालेल्या पिस्तुलांत अडचण येथेच येते. ग्रिप आधीच्या मालकाने आपल्या हातासाठी घासलेली किंवा लेप लावून भरलेली असू शकते, म्हणून डोळे मिटून करायची परीक्षा जुन्या पिस्तुलावरही करावी.

खरेदी नवी असो वा जुनी, पावतीवर अनुक्रमांक लिहून घ्यावा, तो पिस्तुलावरच्या क्रमांकाशी जुळवून पाहावा, आणि त्याची एक प्रत पेटीत ठेवावी. प्रवासात पिस्तूल रिकामे, सिलिंडर वेगळे, नळीत नारिंगी सेफ्टी फ्लॅग आणि पेटीला कुलूप, असे असावे. बसस्थानकावर किंवा गल्लीत ते उघडून दाखवू नये. पिस्तूल हाती धरून रील काढण्याची हौस आपल्या काही जिल्ह्यांत वाढली आहे, आणि पोलिसांना लांबून एअर पिस्तूल आणि खरे पिस्तूल यांतला फरक दिसत नाही. मुलाला हे पहिल्याच दिवशी सांगावे, आणि जिल्हा रायफल संघटनेचे ओळखपत्र पेटीबरोबर नेण्याची सवय लावावी.

पिस्तूल घरी आल्यावर पहिले दोन आठवडे कोणताही स्क्रू फिरवू नये. ग्रिपचा टेकू, ट्रिगरची जागा, मागच्या खाचेची रुंदी, हे सर्व कंपनीच्या मूळ जुळवणीवर ठेवून ड्राय फायर, म्हणजे पॅलेट न भरता ट्रिगर ओढण्याचा सराव, करावा आणि गुणांची वही लिहावी. त्यानंतर कोचसमोर एका वेळी एकच बदल करावा, त्याचा आकडा वहीत नोंदवावा, आणि पुढचा बदल आठवडाभर थांबूनच करावा.